गोळी तीच, प्राणी तोच, मग रक्तातली पातळी दर वेळी वेगळी का?

तोंडावाटे द्यायच्या औषधावर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गटापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो. डिझोल्यूशन चाचणीत, म्हणजे गोळीतलं औषध भांड्यातल्या द्रवात किती वेगाने विरघळतं ते बघताना, सहाही भांड्यांतले आकडे अगदी जुळतात. त्याच बॅचमधल्या गोळ्या सहा बीगल कुत्र्यांना दिल्या की एकाची सर्वोच्च पातळी पाऊण तासात येते, दुसऱ्याची पाच तासांनी, तिसऱ्याच्या आलेखाला दोन शिखरं असतात आणि चौथ्याच्या रक्तात औषध जेमतेम सापडतं. पंधरवड्याने तीच चाचणी पुन्हा केली की क्रम बदललेला. मग बैठक बसते, फॉर्म्युलेशन करणाऱ्यांकडे बोट जातं, गोळीतून औषध सुटण्याचा वेग ठरवणारा पॉलिमर बदलला जातो, नवी बॅच बनते आणि पुढच्या चाचणीत पुन्हा तेच.

या फेऱ्यातून सुटायचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग म्हणजे रक्ताचा नमुना घेतला त्या वेळी गोळी पोटात नेमकी कुठे आणि कोणत्या अवस्थेत होती, हे डोळ्यांनी बघणं. एक्स-रे, गॅमा कॅमेरा, एमआरआय ही साधनं त्यासाठीच आहेत. पण चित्रसुद्धा चुकीच्या वाटेला लावू शकतं, आणि ते कसं हे माहीत नसेल तर गोंधळ दुप्पट होतो. म्हणून या लेखातला बराच भाग चित्राच्या खरेखोटेपणावर आहे.

आधी सरासरीचा आलेख बाजूला ठेवा

सहा प्राण्यांची सरासरी काढली की एक बसका, रुंद आलेख मिळतो. तो बघून औषध सावकाश शोषलं जातंय असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक प्राण्यात ते भराभर शोषलं गेलेलं असू शकतं, फक्त सुरुवात वेगवेगळ्या वेळी झालेली असते. म्हणून प्रत्येक प्राण्याचा आलेख वेगळा काढा, त्याच प्राण्याच्या दोन फेऱ्या एकावर एक ठेवा आणि आकार बघा.

आकार तोच पण अख्खा आलेख उजवीकडे सरकलेला असेल, तर पहिला संशय जठरावर घ्या: गोळी तिथेच थांबून होती. दोन शिखरं असतील तर शक्यता बऱ्याच आहेत. जठरातून औषध दोन हप्त्यांत पुढे गेलं असेल, पित्तावाटे आतड्यात परत आलेलं औषध पुन्हा शोषलं गेलं असेल, आतड्याच्या दोन वेगळ्या भागांत शोषण झालं असेल, किंवा प्राणी रॅट असेल तर त्याने स्वतःची विष्ठा खाल्ली असेल. पातळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत खालीच राहिली, तर गोळी फुटलीच नाही, फुटली पण औषध विरघळलं नाही, विरघळलं पण आतड्याच्या भिंतीपलीकडे गेलं नाही, की गेलं आणि यकृताने पहिल्याच फेरीत संपवलं, हे नुसत्या रक्तावरून कळणार नाही.

इथेच दोन तुलना हाताशी हव्यात, आणि त्या नसतील तर इमेजिंगवर खर्च करण्याआधी त्या करून घ्या. एक म्हणजे त्याच प्राण्यांना शिरेतून दिलेली मात्रा. शिरेतून देऊनही प्राण्याप्राण्यांत तेवढाच फरक दिसत असेल तर गोळीचा संबंध नाही. औषध शरीरातून बाहेर पडण्याचा वेगच वेगवेगळा आहे. बीगलांमध्ये हे अगदी शक्य आहे. सीवायपी1ए2 हे यकृतातलं, औषधं मोडणारं एन्झाइम जनुकातल्या बदलामुळे तयारच होत नाही असे बीगल असतात, आणि सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक काही बीगलांत झपाट्याने तर काहींत सावकाश शरीराबाहेर पडतं. दुसरी तुलना म्हणजे त्याच औषधाचं द्रावण तोंडावाटे देणं. द्रावणाचे आलेख एकसारखे आणि गोळीचे विखुरलेले असतील तर दोष गोळीत किंवा गोळी जठरातून पुढे सरकण्यात आहे. द्रावणही विखुरलेलं असेल तर पॉलिमर बदलून काहीही साधणार नाही.

कॅमेऱ्याआधी पिंजरा तपासा

कुत्र्याने गोळी चावली का, उलटी केली का, हे पहिल्या दोन तासांत कुणी सलग बघितलं होतं का? 'उलटी आढळली नाही' आणि 'उलटी झाली नाही' यांत खूप अंतर आहे. पिंजऱ्यावर साधा व्हिडिओ कॅमेरा लावला तरी हा प्रश्न मिटतो. गोळी दिल्यावर पाणी दिलं का आणि प्रत्येकाला तेवढंच दिलं का, हेही बघा; कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटून बसते आणि आलेखावर ती 'उशिरा रिकामं झालेलं जठर' म्हणूनच दिसते.

उपाशी ठेवण्याबद्दल फार गैरसमज आहेत. रात्रभर उपाशी म्हणजे जठर रिकामं, हे कुत्र्याच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही. दिवसाचं सगळं खाणं संध्याकाळी एकदम दिलं असेल तर जठराची 'जेवलेली' अवस्था दहा तासांच्याही पुढे टिकू शकते. आदल्या दिवशी किती खाणं दिलं, कधी दिलं आणि त्यातलं किती संपलं, या नोंदी मात्रेच्या नोंदीइतक्याच काटेकोर हव्यात.

रॅटला उलटी करता येत नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही. पण उपाशी ठेवलेला रॅट पिंजऱ्यातलं भुश्याचं अंथरूण खातो आणि विष्ठाही खातो. जाळीचा तळ असला तरी विष्ठा खाणं पूर्ण थांबत नाही, कारण तो ती गुदद्वारापाशीच तोंडात घेतो. दुसरं शिखर रात्री, म्हणजे रॅटच्या जागेपणाच्या वेळी उगवत असेल तर हे आधी तपासा. पित्ताचा संशय असेल तर पित्तनलिकेत नळी बसवलेल्या रॅटवरची चाचणी उत्तर देते. रॅटला पित्ताशय नसतं आणि पित्त सतत झिरपत असतं, त्यामुळे जेवणानंतर पित्ताशय आकुंचन पावून दुसरं शिखर आलं हे माणसातलं किंवा कुत्र्यातलं स्पष्टीकरण रॅटला लावता येत नाही.

नळीने पोटात औषध देताना थोडं द्रव श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसातून शोषण होऊन पातळी अनपेक्षितपणे लवकर चढते. एकाच प्राण्याचा आलेख बाकीच्यांच्या फार आधी टोकदार दिसला तर त्याच्या श्वासाची, वजनाची नोंद बघा. आणि औषध ज्यात मिसळून दिलं ते माध्यम तपासा: तेलकट माध्यमाने जठर रिकामं व्हायला उशीर होतो, पॉलिइथिलीन ग्लायकॉल 400 लहान आतड्यातला प्रवास वेगवान करतं. गोळीची तुलना अशा द्रावणाशी केली तर आपण दोन वेगवेगळ्या आतड्यांची तुलना करत असतो.

कुत्र्याच्या जठराचा पीएच

उपाशी माणसाच्या जठरात बहुतेक वेळा तीव्र आम्ल असतं. उपाशी बीगलमध्ये आम्लाचा मूळ स्राव कमी असतो, त्यामुळे एका दिवशी पीएच 2 च्या आसपास आणि दुसऱ्या दिवशी त्याच कुत्र्यात 6 च्या पुढे, असं सहज होतं. केटोकोनॅझोल, डायपिरिडॅमोल यांच्यासारखी दुर्बल आम्लारी औषधं आम्लात विरघळतात आणि पीएच वाढला की तशीच पडून राहतात. एन्टरिक लेपाचं, म्हणजे आम्लात टिकून आतड्यात विरघळावा अशा लेपाचं, उलट: पीएच 5.5 ला विरघळणारा लेप अशा कुत्र्याच्या जठरातच उघडतो.

याचा उपाय ठरलेला आहे आणि तो बऱ्याच ठिकाणी केवळ आळसाने टाळला जातो. गोळीआधी पेंटागॅस्ट्रिन हे आम्लस्राव वाढवणारं औषध टोचून सगळ्या कुत्र्यांचं जठर आम्लधर्मी करा. दर किलोला 6 मायक्रोग्रॅम ही वापरात असलेली मात्रा आहे. उलट बाजू तपासायला फॅमोटिडिन किंवा ओमेप्राझोल देऊन पीएच वर न्या. या दोन्ही स्थितींत पातळी खूप बदलली, तर विखुरलेपणाचं मूळ पीएचमध्ये सापडलं. पेंटागॅस्ट्रिनचा परिणाम थोडाच वेळ टिकतो, तेव्हा जठरात बराच वेळ थांबणाऱ्या गोळीसाठी एका टोचणीवर विसंबू नका.

गोळी जठरातून कधी बाहेर पडली?

बहुतेक विखुरलेल्या आलेखांचं उत्तर इथे असतं, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

उपाशी पोटी जठर आणि लहान आतड्यात आकुंचनांचं एक चक्र चालू असतं. माणसात आणि कुत्र्यात ते साधारण दीड ते दोन तासांचं. त्यातला बराच काळ शांततेचा, मग विस्कळीत हालचाल, आणि शेवटी काही मिनिटांची जोरदार लाट. ही लाट जठरात उरलंसुरलं सगळं झाडून पुढे ढकलते. न फुटणारी मोठी गोळी उपाशी जठरातून मुख्यतः याच लाटेवर बाहेर पडते. गोळी दिली तेव्हा चक्र कुठे होतं हे कुणालाच माहीत नसतं. लाट दहा मिनिटांवर असेल तर गोळी लगेच सुटते. नुकतीच येऊन गेली असेल तर पुढच्या लाटेपर्यंत थांबते. जेवल्यावर हे चक्र थांबतं आणि जठर दाणे बारीक करत राहतं. कुत्र्यात साधारण 2 मिमीपेक्षा मोठे तुकडे तेव्हा मागेच अडवले जातात. म्हणजे गोळीत काडीचाही दोष नसताना टीमॅक्स (सर्वोच्च पातळी येण्याची वेळ) काही तासांनी मागेपुढे होऊ शकतो.

हे सिद्ध कसं करायचं ते एका कल्पित उदाहरणावर बघू. एन्टरिक लेपाची, एक्स-रेत उठून दिसणारं बेरियम सल्फेट असलेली गोळी. पेंटागॅस्ट्रिन दिलेला एकच कुत्रा, दोन फेऱ्या. दर 15 मिनिटांनी एक्स-रे, त्याच वेळी रक्त. पहिल्या फेरीत 30 व्या मिनिटाच्या चित्रात गोळी जठरात आहे, 45 व्या मिनिटाच्या चित्रात लहान आतड्यात. रक्तात औषध पहिल्यांदा दिसतं 75 व्या मिनिटाला. दुसऱ्या फेरीत 120 व्या मिनिटापर्यंत प्रत्येक चित्रात गोळी जठरातच, 135 व्या मिनिटाला पुढे गेलेली, आणि रक्तात औषध दिसतं 165 व्या मिनिटाला. नेहमीच्या आलेखात या दोन फेऱ्यांत दीड तासाचं अंतर आहे. आता काळाचं शून्य बदला: 'गोळी दिली' याऐवजी 'गोळी जठराबाहेर दिसली' तिथून मोजा. दोन्ही फेऱ्यांत औषध 30 मिनिटांनी दिसतं. लेप दोन्ही वेळा तेवढ्याच वेळात उघडला. जिला नापास करायला निघालो होतो ती गोळी उत्तम आहे, आणि हे सांगायला जास्तीचा एकही प्राणी लागला नाही.

शून्य सरकवल्यावरही आलेख जुळले नाहीत, तर मात्र शोध पुढे न्यायचा. आतड्यात जाऊनही गोळी चित्रात तासन् तास अखंड दिसते का? मग लेप किंवा फुटण्याची क्रिया दोषी. फुटून पसरली, तरी रक्तात काही नाही? मग विद्राव्यता, भिंतीतून शिरण्याची क्षमता आणि यकृत यांच्याकडे वळा. एक मर्यादा ध्यानात ठेवा: जठरातच औषध सोडू लागणाऱ्या गोळीला ही युक्ती इतकी स्वच्छ लागू पडत नाही, कारण विरघळलेलं औषध गोळीच्या आधी पाण्याबरोबर पुढे निघून जातं. आणि दोन चित्रांमधलं अंतर हीच तुमची चूक-मर्यादा. तासातासाने चित्र घेऊन अर्ध्या तासाचा फरक शोधता येत नाही.

इमेजिंगची सोयच नसेल तर रक्तातल्या खुणांवरूनही बरंच कळतं. पॅरासिटामॉल जठरातून जवळजवळ शोषलं जात नाही आणि लहान आतड्यात चटकन शोषलं जातं, म्हणून ते रक्तात दिसायला लागलं की जठरातला द्रव पुढे गेला असं समजतात. मांजरांना मात्र ते विषारी आहे. सल्फासलाझिन मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी तोडलं की सल्फापिरिडिन रक्तात येतं. ती झाली मोठ्या आतड्यात पोहोचल्याची खूण. पण ही दोन्ही द्रव्यं विरघळलेल्या औषधाबद्दल सांगतात. अखंड गोळी कुठे आहे हे सांगायला चित्रच लागतं.

कोणतं साधन कुठे

एक्स-रे स्वस्त आहे, जलद आहे, कुत्र्यासारख्या प्राण्यात एका गोळीचा माग काढायला बहुतेक वेळा पुरेसा आहे. दोन दिशांनी चित्र घ्या, समोरून आणि बाजूने. एकाच चित्रात जठर आणि आडवं मोठं आतडं एकमेकांवर येतात आणि गोळी कुठल्या थरात आहे ते कळत नाही. औषध सुटलं का, हे एक्स-रे सांगत नाही. फक्त आकार आणि जागा.

गॅमा कॅमेरा किरणोत्सर्गी खुणेतून येणारी किरणं टिपतो, आणि त्याची खरी ताकद दोन खुणा एकाच वेळी बघण्यात आहे. टेक्निशियम-99एमची किरणं 140 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची आणि अर्धायुष्य 6 तासांचं. इंडियम-111 ची 171 आणि 245 ची, अर्धायुष्य सुमारे 2.8 दिवसांचं. ऊर्जा वेगळ्या असल्याने कॅमेरा त्यांना वेगळं ओळखतो. गोळीवर एक आणि जेवणावर दुसरी खूण ठेवली की जेवण पुढे गेलं आणि गोळी मागे राहिली, हे सरळ दिसतं. लहान प्राण्यांत अवयव एकमेकांवर येतात, रॅटचं सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी) तर पोटाचा मोठा भाग व्यापतं, तिथे सपाट चित्रापेक्षा सीटीला जोडलेलं स्पेक्ट, म्हणजे गॅमा किरणांचं त्रिमित चित्र, घ्या.

पेट स्कॅन तेव्हा, जेव्हा औषधाचा रेणूच चिन्हांकित करायचा असतो. फ्लोरिन-18 चं अर्धायुष्य 110 मिनिटं आणि कार्बन-11 चं 20 मिनिटं. मोठ्या आतड्यापर्यंतचा प्रवास त्यात बसवणं अवघड. शिवाय खूण मूळ रेणूवर आहे की शरीराने त्याच्यापासून बनवलेल्या मेटाबोलाइटवर, हे पेट ओळखत नाही. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही आणि मऊ अवयव सुरेख दिसतात, पण आतड्यातला वायू चित्र बिघडवतो, आणि लोह-ऑक्साइडची काळी खूण वायूच्या काळ्या बुडबुड्यासारखीच दिसते. फ्लोरोसन्स इमेजिंग माउससाठी ठीक, रॅटमध्ये जेमतेम, कुत्र्यात त्वचेबाहेरून अशक्य: प्रकाश ऊतींत एखाद्या सेंटीमीटरपलीकडे उपयोगाचा उरत नाही.

चित्र फसवतं तेव्हा

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची, कारण रंगीत चित्र समोर आलं की बैठकीतला वाद संपतो. चुकीचं चित्र असलं तरी संपतो.

कोणतंही चित्र बघताना पहिला प्रश्न: खूण कशावर आहे? गोळीवर, पॉलिमरवर, नॅनोकणावर, की औषधावर? खूण वाहकापासून सुटली तर पुढचं सगळं चित्र सुट्या खुणेचं. टेक्निशियममध्ये हे ओळखायला एक सोपी जागा आहे: गळा. सुटं परटेक्निटेट (वाहकापासून सुटलेल्या टेक्निशियमचं रूप) रक्तात शोषलं जातं आणि थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठराच्या अस्तरात जमतं. काही तासांनी गळ्याशी ठिपका उजळला तर खूण सुटली असं समजा. अशा वेळी जठर उजळ दिसतं ते गोळी तिथे आहे म्हणून असेलच असं नाही. डीटीपीए या धातू धरून ठेवणाऱ्या रेणूशी बांधलेलं टेक्निशियम आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून ते वापरतात. तरीही आधी कृत्रिम जठररस आणि आंत्ररसात ठेवून किती सुटतं ते मोजलंच पाहिजे.

बेरियमची अडचण वेगळी. बेरियम सल्फेटची घनता सुमारे 4.5 आहे (पाण्याची 1). जठरात जास्त वेळ राहावी म्हणून तरंगती बनवलेल्या गोळीसाठी हे घातक ठरतं, आणि तरंगणाऱ्या गोळ्यांच्याच चाचण्यांत ते सर्रास वापरलं जातं. हिशोब करून बघा. गोळीचं वजन 450 मिलिग्रॅम, आकारमान 0.5 मिलि, घनता 0.9, तरंगते. त्यातलं 1.3 घनतेचं 100 मिलिग्रॅम औषध काढून तेवढ्याच वजनाचं बेरियम सल्फेट घातलं. औषधाने 0.077 मिलि जागा घेतली होती, बेरियम 0.022 घेतं. दाबून बनवल्यावर आकारमान 0.445 मिलि, घनता 1.01. जठरातला द्रव साधारण 1.004. गोळी बुडाली. आता एक्स-रेत ती जठराच्या तळाशी दिसेल आणि निष्कर्ष निघेल की तंत्र कुत्र्यात चालत नाही. बेरियम अगदी थोडं घाला, हलक्या पदार्थाचं प्रमाण वाढवून घनता मूळ गोळीइतकी आणा, आणि बेरियमवाली गोळी भांड्यात मूळ गोळीइतकाच वेळ तरंगते आणि फुगते हे दाखवल्याशिवाय ती प्राण्याला देऊ नका. अद्राव्य भुकटी मॅट्रिक्समधून (औषध धरून ठेवणाऱ्या गोळीच्या गाभ्यातून) पाणी आत शिरण्याचा वेगही बदलते, तेव्हा हे पथ्य न तरंगणाऱ्या गोळ्यांनाही लागू आहे.

फ्लोरोसन्समध्ये पोट सगळीकडे चमकायला लागलं तर आधी खाणं बघा. नेहमीच्या खाण्यात अल्फाल्फा गवत असतं आणि त्यातलं क्लोरोफिल लाल प्रकाशात चमकतं. काही दिवस आधीपासून अल्फाल्फारहित शुद्ध आहार द्या आणि औषध न दिलेल्या प्राण्याचं चित्र दर वेळी घ्या. आणखी एक कावा: दाट रंगद्रव्य स्वतःचीच चमक दाबतं. कण फुटून ते पातळ झालं की चमक वाढते, प्रमाण तेवढंच असूनही. त्यामुळे 'आतड्यात जास्त पोहोचलं' असं दिसतं. फ्लुरोसीन तर आम्लात मंद आणि आतड्याच्या पीएचला तेजस्वी. जठरातून आतड्यात गेल्यागेल्या ते उजळतं. चमकेवरून टक्केवारी काढायची असेल तर प्राण्याच्या ऊती काढून, औषध वेगळं करून मोजल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आणि भूल. हलणारा प्राणी चित्र बिघडवतो म्हणून भूल देतात, पण झायलाझिन, तसंच ब्युप्रेनॉर्फिनसारखी ओपिऑइड (अफूसारखी वेदनाशामकं) आतड्याची हालचाल मंदावतात, म्हणजे जे मोजायचं तेच बदलतं. आयसोफ्लुरेनचा परिणाम भूल उतरल्यावर लवकर ओसरतो, म्हणून थोडा थोडा वेळ तेच बरं. एक गट भुलेविना, फक्त रक्तासाठी ठेवा. दोन्ही गटांचा टीमॅक्स वेगळा आला तर चित्र भुलेचं आहे.

भूल टाळून प्राण्याला बळेच धरून ठेवणं हा मात्र पर्याय नाही. वॉल्टर कॅनन यांनी 1896 नंतर मांजरांना बिस्मथ मिसळलेलं खाणं देऊन क्ष-किरणांखाली जठराच्या हालचाली पाहिल्या. मांजर बिथरलं की जठराच्या लाटा थांबतात आणि शांत झालं की पुन्हा सुरू होतात, हे त्यांनी तेव्हाच टिपलं. आज आपल्याला हेही माहीत आहे की ताणाखाली जठर मंदावतं आणि मोठं आतडं वेगावतं. घाबरलेल्या रॅटला नळकांड्यात कोंबून घेतलेली आकडेवारी भीतीची आकडेवारी असते. कुत्र्यांना झोळीत शांत उभं राहायला शिकवता येतं. त्याला काही आठवडे लागतात आणि ते वेळापत्रकात धरलेच पाहिजेत. प्राण्याची शांतता ही दयेची बाब आहे आणि मोजमापाचीही, या दोन्ही कारणांसाठी मला त्यात तडजोड मान्य नाही. पूर्वी प्रत्येक वेळेच्या टप्प्याला रॅटचा एक गट मारून जठरातलं उरलेलं मोजावं लागे. त्याच प्राण्यात सबंध प्रवास बघता येणं ही इमेजिंगची सर्वांत मोठी देणगी आहे. रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडलेलं प्राण्यांची संख्या कमी करण्याचं तत्त्व इथे प्रत्यक्षात उतरतं.

प्राणीच चुकीचा निवडला असेल तर

वरचं सगळं तपासूनही माणसाशी मेळ बसत नसेल, तर प्राणी बदलायचा विचार करा. कुत्र्याच्या लहान आतड्यातला प्रवास साधारण दोन तासांचा, माणसाचा तीन ते चार. बारा तास औषध सोडणारी गोळी कुत्र्यात लवकर मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तिथे औषध शोषलं जात नसेल तर उपलब्धता कमी दिसते. तो गोळीचा दोष नव्हे. शरीररचना जवळची म्हणून डुक्कर निवडतात, पण न फुटणाऱ्या मोठ्या गोळ्या त्याच्या जठरात दिवसेंदिवस अडकून राहू शकतात. सशाचं जठर उपाशी ठेवूनही पूर्ण रिकामं होत नाही. रॅटला माणसाच्या आकाराची गोळी देताच येत नाही, आणि लहान करून दिलेली गोळी ही वेगळ्या पृष्ठभागाची, वेगळ्या वेगाने विरघळणारी गोळी असते. रॅट द्रावणासाठी, निलंबनासाठी आणि कणांसाठी ठेवा.

पुढच्या फेरीआधी एक साधी व्यवस्था करून ठेवा. खूण घातलेल्या गोळ्यांच्या त्याच बॅचमधल्या सहा बाजूला काढा, मात्रा दिली त्याच दिवशी त्यांचं डिझोल्यूशन करा आणि त्या आलेखाशेजारी खूण नसलेल्या सहा गोळ्यांचा आलेख ठेवा. दोन्ही जुळले नाहीत तर प्राण्यांची चित्रं उघडण्याआधी गोळी पुन्हा बनवायला घ्या.